डॉक्टरांकडे जाण्याआधी भरलेली पिशवी

मला सोरायसिस आहे, कातडीवर पापुद्र्याचे चट्टे उठवणारा आजार. त्यासाठी संभाजीनगरच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर मिळाला तो दिवाळीनंतरचा. माझी धाकटी नणंद आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे. तिला फोनवर सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "वहिनी, सोबत काय काय नेणार?" मी म्हणाले, "आधार कार्ड अन् पैसे. अजून काय लागतंय?"

ती म्हणाली, "त्या दिवशी अंगावर जेवढं असंल तेवढंच डॉक्टरला दिसणार. बाहेर पेशंटची रांग असती. वर्षभरात तुम्हाला कधी काय झालं, काय लावलं, काय गिळलं, हे तुम्ही नेलं तरच त्यांना कळंल. नाहीतर अजून एक ट्यूब घेऊन परत याल."

नंबराला अवकाश होता. तेवढ्या काळात तिने फोनवरून माझ्याकडून जी तयारी करून घेतली, ती लिहून ठेवतेय. आमच्याकडे सोरायसिस अंगावर काढणारी माणसं खूप आहेत. कर्ज काढून शहरात जातात आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर येतात. ती मिनिटं वाया जाऊ नयेत असं मला फार वाटतं.

आमचं गाव मानवत तालुक्यात. थोडी कोरडवाहू शेती, त्यात कापूस, सोयाबीन, तूर. आणि घरी माझं शिलाईचं काम. माझा सोरायसिस डोक्यातून सुरू झाला. कानामागे आणि मानेवर केसांच्या कडेला जाड पोपडे धरायचे. कोंडा समजून शिकेकाई, लिंबू, दही सगळं लावून झालं. पुढे कोपरं, मग गुडघे. लाल चट्टा, त्यावर चंदेरी पापुद्रा. खाजवून पापुद्रा निघाला की खाली रक्ताचे बारीक ठिपके. कुणी नायटा म्हणालं, कुणी इसब, कुणी आता कोड फुटणार म्हणून घाबरवलं.

नणंदेने समजावलं ते असं. कातडीच्या खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात आणि साधारण महिनाभरात वर येऊन झडतात. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते, आणि महिन्याचं काम तीन ते पाच दिवसांत उरकायला लागतं. जुन्या पेशी झडायच्या आधीच नव्या येतात, त्यांचा थर साचतो. जंतू नाही, बुरशी नाही, रक्त नासलेलं नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. 2014 साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसवर ठराव केला, त्यातही हा दीर्घकाळ राहणारा, असंसर्गजन्य आजार असल्याचं नोंदवलेलं आहे. ही शेवटची गोष्ट मी नीट ऐकून घेतली. कारण माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकणारी एक बाई माझी कोपरं बघून कापड परत घेऊन गेली होती, आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टाकला होता. त्यांनाही नणंदेनेच फोनवर सांगितलं, "आई, वहिनीचा टॉवेल सगळ्यांसंगं वाळत घाल." लेकीचं त्या ऐकतात.

पहिलं काम ट्यूबांचं. आमच्या कपाटात एक स्टीलचा डबा आहे, त्यात सगळ्यांची मलमं-गोळ्या पडलेल्या असतात. तो चटईवर रिकामा केला. अर्ध्या पिळलेल्या, शेपटाकडून गुंडाळत आणलेल्या कितीतरी ट्यूबा निघाल्या. काहींवरची अक्षरं पुसली होती. ज्यांची वाचता येत होती त्यांचे फोटो मी नणंदेला पाठवत गेले. नाव मोठ्या अक्षरात असतं, ते सोडायचं. त्याखाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना हवं असतं. माझ्या बहुतेक ट्यूबांवर 'क्लोबेटासॉल' होतं, आणि त्याच्या जोडीला बुरशीचं एक औषध, जंतूंचं एक औषध. म्हणजे तिन्हींची खिचडी. मेडिकलवाल्याला चट्टा दाखवला की तो काउंटरवरून हीच द्यायचा. पहिल्या चार दिवसांत लाली जायची, खाज थांबायची, सोडलं की आधीपेक्षा जास्त उसळायचं.

क्लोबेटासॉल हे फार जोरकस स्टिरॉइड. डॉक्टरांच्या हाताखाली, ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस लावलं तर ते सोरायसिसचं उपयोगी औषध आहे. पण ते मनाने महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत-काखेत पांढऱ्या भेगा पडतात. आणि मूळ आजार गजकर्ण असेल तर बुरशी आतल्या आत पसरते, चट्ट्याचं रूपच बदलतं आणि डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. 2018 पासून अशी बरीच स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. गावाकडं तो कितपत पाळला जातो हे कोणत्याही घरातल्या अशा डब्यात दिसेल.

डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या होत्या. यात्रेतल्या एका माणसाकडून आमच्या घरच्यांनी आणल्या होत्या, 'रक्तशुद्धी'च्या म्हणून. त्या घेतल्या तेव्हा अंग साफ झालं होतं, तोंडावर गोलाई आली होती, भूक वाढली होती. नणंद एकदम गंभीर झाली. असल्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असू शकते, आणि पोटातलं स्टिरॉइड एकाएकी बंद झालं की सोरायसिस भडकतो. कधी अंगभर लाल होऊन सोलटतं, कधी पू भरलेले फोड येतात, आणि तेव्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं. तिने विचारलं, "सध्या चालू हैत का?" नव्हत्या. असत्या तर मनानं बंद करायच्या नव्हत्या, आधी डॉक्टरला दाखवायच्या होत्या. एक पुडी तशीच बांधलेली ठेवली आणि पिशवीत टाकली. यांना वाटत होतं की डॉक्टर रागावतील, नको दाखवू. मला वाटतं, पिशवीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच होती.

बाकीच्या गोळ्याही विचारल्या. बीपीच्या काही गोळ्या, मलेरियाच्या काही, मनाच्या आजारावरचं लिथियम, यांनी सोरायसिस वाढू शकतो. मला यातलं काही नव्हतं. अंगदुखीच्या गोळ्या मात्र बऱ्याच होत्या, त्यांची पाकिटं ठेवली.

मग वही. गिऱ्हाइकांची मापं लिहायची माझी एक वही असते, तिची मागची पानं घेतली. तारखा आठवत नव्हत्या, म्हणून सण धरले. नागपंचमीच्या सुमाराला घसा फार दुखला होता, गिळवत नव्हतं, ताप होता. पोळ्याच्या आत पाठीवर आणि पोटावर बारीक लाल ठिपके उठले, थेंब उडाल्यागत. ते मी पावसाळी पुरळ म्हणून सोडून दिलेले होते. सहज लिहिले, तर नणंद म्हणाली ही ओळ वर घ्या. घशातल्या एका जातीच्या जंतूनंतर दोन-तीन आठवड्यांनी असा थेंबाथेंबाचा सोरायसिस उठतो.

दसऱ्यानंतर वेचणी. वेचणीबद्दल मी जवळजवळ पानभर लिहिलं. बोंड उमलून वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं टणक होतात. कापूस ओढताना ती हाताच्या पाठीवर, मनगटावर लागतात. संध्याकाळी हात धुताना सगळ्याच बायकांच्या हातावर पांढरे ओरखडे असतात आणि आठवडाभरात जातात. माझे जात नाहीत. दहा-पंधरा दिवसांनी त्याच रेघेवर लाल उंचवटा येतो, त्यावर पापुद्रा. ओरखडा जेवढा लांब, चट्टा तेवढाच लांब. कमरेवरही तसंच. परकराची नाडी जिथं काचते तिथं पूर्ण पट्टा. कातडीला इजा झाली की तिथं सोरायसिस उगवतो, हे जर्मनीतल्या कोबनर नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय. मला एवढंच ठाऊक होतं की कापूस मला बाधतो. कापूस बाधत नाही, ओरखडा बाधतो, हे कळल्यावर उपाय दिसायला लागला: यांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, मनगटाला बटण लावून, आणि हातात पातळ मोजे. नाडीच्या जागी रुंद पट्टी मी स्वतःच शिवून घेतली.

हिवाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात उघड्या भागावर कमी होतो, हेही लिहिलं. सूर्याच्या अतिनील किरणांनी हा आजार दबतो, दवाखान्यात त्यातल्याच ठराविक, 311 नॅनोमीटरच्या किरणांचे शेक देतात. पण म्हणून काही आमच्याकडच्या मे महिन्याच्या दुपारी अंग उघडं टाकून बसायचं नाही. कातडी भाजली की तीही इजाच, तिथंही नवे चट्टे.

फोटो लेकीने काढले. दारात, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद. एक लांबून, म्हणजे कोणता अवयव ते कळावं, आणि एक जवळून, चट्ट्याशेजारी माझा माप घ्यायचा टेप धरून. किती अंगावर आहे याचा अंदाज डॉक्टर हाताच्या पंजानं घेतात: पेशंटचा स्वतःचा पंजा बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण शंभरावा भाग. मी मोजून बघितलं, डोकं, कोपरं, गुडघे, कंबर मिळून सात-आठ पंजे भरत होते. हे आकडेही वहीत गेले. फोटो कशाला, चट्टे तर सोबतच येणार, असं मलाही वाटत होतं. पण पाठीवरचे थेंब एव्हाना विरले होते, आणि त्यांचा एक फोटो लेकीच्या मोबाइलमध्ये योगायोगाने राहिला होता. आता काही उठलं की ती त्याच दिवशी काढून ठेवते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. एका रात्री नणंदेने पाच प्रश्न विचारले. कधी एखादा सांधा सुजला होता का? कुणी डॉक्टरने संधिवात आहे असं सांगितलं होतं का? नखांवर बारीक खड्डे आहेत का? टाच दुखते का? हाताचं किंवा पायाचं एखादं बोट काही कारण नसताना अख्खं सुजून दुखलं होतं का? यातल्या तीन किंवा जास्त प्रश्नांना 'हो' आलं तर सांध्यांचीही तपासणी व्हायला हवी.

मी उत्तर द्यायच्या आधी डबीतून अंगुस्तान काढलं. हातशिलाईला उजव्या हाताच्या मधल्या बोटात घालते ते. बऱ्याच महिन्यांपासून ते त्या बोटात जात नव्हतं. बोट पेरापासून टोकापर्यंत फुगलेलं होतं. मशीनवर बसून होतंय म्हणून मी करंगळीशेजारच्या बोटानं काम भागवत होते. सकाळी कात्री धरवत नव्हती, तासभर हात हलवल्यावर बोटं वळायची. टाच पहाटे जमिनीला टेकवत नव्हती. आणि नखं! अंगुस्तानावर जसे खड्डे असतात तसे बारीक खड्डे माझ्या नखांवर होते, उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसले. लेकीने टेप लावून नखांचाही फोटो काढला.

सोरायसिस असलेल्या शंभर माणसांत वीस-तीस जणांना सांध्यांचा त्रास होतो. बहुतेकांना चट्टे आधी येतात, सांधे काही वर्षांनी धरतात. चट्टा गेला तर कातडी पूर्ववत होते, सांध्याचं हाड झिजलं की ते परत येत नाही. आणि त्वचेच्या डॉक्टरसमोर कुणी टाच दुखते म्हणून सांगत नाही, हाडाच्या डॉक्टरसमोर कुणी कोपराचा चट्टा दाखवत नाही. दोन्ही दुखणी एकाच घरातली आहेत हे सांगणारं मधे कुणीतरी लागतं. माझ्या कपाटात संधिवातासाठीच्या रक्ततपासणीचा एक जुना रिपोर्टही होता, 'आरए फॅक्टर निगेटिव्ह'. तो बघून तालुक्याच्या एका दवाखान्यात मला वात नाही असं सांगून दुखायच्या गोळ्या दिल्या होत्या. सोरायसिसच्या संधिवातात ही तपासणी बहुतेक वेळा निगेटिव्हच येते. म्हणून तो रिपोर्टही पिशवीत.

माहेरी कुणाला होतं का हे विचारायला आईला फोन केला. पहिल्यांदा ती म्हणाली, "आपल्यात कुणालाच असलं काही न्हाई." दुसऱ्या दिवशी तिनेच फोन केला. तिच्या वडलांच्या गुडघ्यांना आणि डोक्याला असंच होतं, शेवटी बोटं वाकडी झाली होती, पण पोरींची लग्नं व्हायची होती म्हणून घरात त्यावर बोलायचं नाही असं ठरलेलं. तिला हे बोलायला जड गेलं, आवाजात कळत होतं. वहीत मी फक्त 'आईचे वडील: चट्टे आणि बोटं' एवढंच लिहिलं.

काही गोष्टी तोंडानं सांगता येणार नव्हत्या. छातीखालच्या घडीत आणि जांघेत मला लाल, गुळगुळीत, जळजळणारे चट्टे होते, तिथं पापुद्रा धरत नाही. यांच्यासमोर किंवा डॉक्टर पुरुष असतील तर ते मी बोलले नसते. नणंद म्हणाली, "बोलू नका. चिठ्ठी लिहा अन् नुसती हातात द्या." तिने एक 10 प्रश्नांचा कागदही पाठवला. 1994 साली इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी तयार केलेली ती प्रश्नावली आता जगभर वापरतात. गेल्या आठवड्यात कातडीमुळे खाज किती, लाज किती वाटली, कपडे कोणते घालावे लागले, कामात किती अडलं, नवरा-बायकोच्या संबंधात अडचण आली का, असे प्रश्न; प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त 30. कपड्यांच्या प्रश्नाशी मी थांबले. भर उन्हाळ्यात मी कोपराखालपर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालते आणि इतरांना बिनबाह्यांचे शिवून देते, हे कुणी मला आजवर विचारलं नव्हतं. माझे गुण 19 आले. 10 च्या वर गेले की आजाराचा आयुष्यावर मोठा परिणाम आहे असं धरतात.

अजून एक, तरुण मुलींसाठी. माझं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे मला हा प्रश्न नव्हता. पण लग्न व्हायचंय, दिवस राहिलेत किंवा राहावेत असं वाटतंय, तर ते पहिल्या वाक्यात सांगायचं. या आजाराच्या काही गोळ्या गर्भाला घातक आहेत, एका गोळीनंतर तर तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. सासूसमोर अवघडत असेल तर तेही चिठ्ठीत.

प्रश्न मी महत्त्वाच्या क्रमाने लिहिले, कारण शेवटचे राहून जाणार हे माहीत होतं.

जायच्या दिवसाची तयारी साधी. डोक्याला तेल नाही, चट्ट्यांना मलम नाही, म्हणजे खरं रूप दिसेल. आंघोळीत पापुद्रे घासून काढायचे नाहीत. लोक स्वच्छ दिसावं म्हणून नेमकं तेच करतात. दिवाळीत लेकीने मेंदीचा हट्ट धरला होता, नखं दिसायला हवीत म्हणून मी बोटं कोरी ठेवली. साडीऐवजी सैल पंजाबी ड्रेस घातला, गुडघे-कोपरं पटकन दाखवता येतात. मानवत रोडला पहाटे गाडी धरली. सेलू, परतूर, जालना, आणि सगळा वेळ पिशवी मांडीवर.

डॉक्टर पुरुषच होते. मी चिठ्ठी, वही आणि पिशवी टेबलावर ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली, यांना बाहेर बसायला सांगितलं आणि सिस्टरला आत बोलावलं. मग टाळूपासून तळपायापर्यंत, बेंबीत आणि कानामागेसुद्धा बघितलं. कोपराचा पापुद्रा काचपट्टीच्या कडेनं हळूच खरवडला. जांघेतल्या चट्ट्याचा थोडा खरवडलेला भाग काचेवर घेऊन तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला, बुरशी आहे का म्हणून. ट्यूबांची यादी बघूनच त्यांना तो संशय आला होता. बुरशी निघाली नाही, घडीतलाही सोरायसिसच होता. पुडी त्यांनी उलगडली, वास घेतला आणि शांतपणे विचारलं, किती दिवस घेतली, कधी बंद केली. रागावले नाहीत. माझं बीपी आणि साखर बघायला सांगितलं. मग प्रत्येक बोटाचं पेर दाबलं. मधल्या बोटाला मी ओरडले.

बाहेर येईस्तोवर कागदावर चट्ट्यांच्या मलमाइतकंच सांध्यांबद्दल लिहिलेलं होतं: हाताचे-पायाचे एक्स-रे, छातीचा एक्स-रे, रक्त, लिव्हर, किडनी, काविळीच्या तपासण्या, आणि संधिवाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी. रिपोर्ट चांगले आले तर मेथोट्रेक्सेट, चट्टे आणि सांधे दोन्हींवरची गोळी. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण रोजची समजून खाल्ली तर जीव जाऊ शकतो. मी आमच्या आठवडी बाजाराचा वार ठरवला, तो घरात सगळ्यांना आठवतो. फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या दिवशी. तोंड आलं, ताप आला, दम लागला तर वाट न बघता फोन करायचा, आणि दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं.

माझ्या प्रश्नांचीही उत्तरं मिळाली. मुळापासून जाईल का? तसं औषध अजून नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो, कातडी साफ राहू शकते. पोरीला होईल का? घरात असला की शक्यता वाढते, होईलच असं नाही. शिलाई? चालू ठेवा, हाताला विश्रांती देत. पथ्य? मी वांगं, दही, उडीद, आंबट, सगळं सोडून बसले होते. ते म्हणाले वांगं खा. वजन कमी करा, आणि घरात कुणी तंबाखू-दारू घेत असेल आणि त्याला हा आजार असेल तर ते आधी सुटलं पाहिजे. परत येताना जालन्याला यांनी मला स्वतःहून विचारलं, चिठ्ठीत काय होतं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगायचं की."

रिपोर्ट आले, गोळी सुरू झाली. बोटाची सूज अजून आहे, सकाळचा ताठरपणा मात्र अर्ध्या तासावर आलाय. तो किती वेळ टिकतो हे रोज वहीत लिहिते, कारण पुढच्या खेपेला संधिवाताचे डॉक्टर तेच विचारणार आहेत. तेव्हासाठी सध्या एवढं लिहून ठेवलंय: गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, रात्री घेतली तर चालेल का, डोक्याचं लोशन नहायच्या किती आधी लावायचं, आणि शेवटच्या वेचणीला मोजे घालूनही डाव्या मनगटावर एक ओरखडा आला, त्याचा फोटो काढलाय, तिथं काही उगवायच्या आत काही लावता येतं का.